शेपटीकडचा तुकडा

मेलबर्नच्या डॉक्टरांनी हात टेकले, तेव्हा लोसालिने नवऱ्याला, सिओसिफाला, घेऊन लेकीच्या गाडीतून रॉबिनव्हेलला घरी निघाली. वाटेत बेंडिगोला लेक मेलियाना एका कोरियन दुकानात शिरली आणि माशाच्या आकाराच्या कुरकुरीत वेफरमध्ये भरलेलं आईस्क्रीम घेऊन आली.

सिओसिफाने एक चावा घेतला नि तो थबकला. "अगं, दाताखाली घेवडा लागतोय."

"गोड घेवडा, बाबा. त्यांच्यात घालतात."

"आईस्क्रीमात उसळ! चर्चमध्ये सांगितलं तर म्हणतील, म्हातारा भ्रमिष्ट झाला." हसता हसता त्याला खोकला आला. मग त्याने शेपटीकडचा तुकडा मोडून बायकोपुढे धरला. "घे."

लोसालिनेने मान हलवली. तो बरा होईपर्यंत गोड तोंडात घालायचं नाही, असा नवस ती आठ महिन्यांपूर्वी बोलली होती. चहासुद्धा बिनसाखरेचा चालला होता. "तुम्ही बरे झालात की खाईन," ती हळूच म्हणाली.

"तोवर हे वितळून जाईल गं."

तो थट्टा करत नव्हता. आपण खाल्लं, तर तो आता बरा होणार नाही हे आपणच कबूल केल्यासारखं होईल, हे तिला कळत होतं. पण तो हात मागे घेईना, आणि आईस्क्रीम त्याच्या बोटांवरून ओघळू लागलं होतं. तिने डोळे मिटून देवाची क्षमा मागितली आणि तुकडा तोंडात घातला.

"कसं लागतं?" त्याने विचारलं. "माझ्या जिभेला चव राहिली नाही, म्हणून तर तुला दिलं."

"गोड आहे," ती म्हणाली, आणि डोळे पुसत त्याला एकेक चव सावकाश सांगत राहिली.