पोटाला काळे पट्टे बांधलेला पूल

मी कालव्यावरचा एक जुना काँक्रीटचा पूल आहे. मित्रांनो, वरून पाहिलंत तर मी धडधाकट वाटेन. पण माझ्या तुळयांच्या पोटाला काळे पट्टे चिकटवले आहेत. ते कुणी न्याहाळू लागलं की मला मेल्याहून मेल्यासारखं होतं.

तरुणपणी दगडांनी भरलेल्या गाड्या अंगावरून गेल्या, तरी मी हूं की चूं केलं नाही. "पूल असावा तर असा," लोक म्हणत. मी फुगून जाई. पुढे पावसाचं पाणी वाहून नेणारे माझे नळ कचऱ्याने तुंबले. पाणी मुरत मुरत आतल्या सळ्यांपर्यंत गेलं. सळ्या गंजल्या, फुगल्या आणि काँक्रीट तडकलं. कुणी मोठे पाहुणे येणार असले की माझ्या कठड्याला तेवढा रंग लागे. वरून कीर्तन, आतून तमाशा, अशी माझी गत होती.

कालव्याच्या काठावर, माझ्या सावलीत पंक्चरवाले काका बसत. एका दुपारी ते चाक फिरवून पाहत असताना माझ्या पोटाचा ढलपा सुटला आणि त्यांच्या खांद्यावर पडला. हाड मोडलं. ज्यांनी मला छत मानलं, त्यांच्याच अंगावर मी कोसळलो. धरणी पोटात घेईल तर बरं, असं वाटलं; पण माझे पाय आधीच धरणीत रुतलेले.

मग इंजिनिअर बाई आल्या. त्यांनी हातोडीने ठोकून पाहिलं, तर जागोजागी पोकळ आवाज आला. सुटलेलं काँक्रीट काढल्यावर माझ्या गंजक्या सळ्या उघड्या पडल्या. येणारे-जाणारे थांबून पाहत. काकांची बायकोही आली.

"बाई, पाडूनच टाका ना हा. ठिगळं कशाला लावताय?"

"खांब भक्कम आहेत, काकू. तुळया तेवढ्या थकल्यात. पाडला तर पलीकडच्यांना केवढा वळसा पडेल."

"आणि हे कापड त्याला सावरणार?" काकूंनी कामगारांजवळच्या काळ्या गुंडाळीकडे बोट दाखवलं.

"दिसतं कापडासारखं, पण कार्बनच्या तंतूंचं आहे. गंजत नाही. आणि ओढून बघितलंत, तर लोखंड आधी तुटेल."

कामगारांनी गंज खरवडला, खळगे भरले, चिकट राळेचा लेप दिला. त्यावर ते काळं कापड दाबून रोलरने हवा काढली. राळ वाळली तसं ते दगडासारखं कडक झालं. शेवटी माझी ताकद तपासायला वाळूने भरलेले ट्रक माझ्यावर उभे केले. मी बेताने वाकलो आणि ट्रक उतरताच सरळ झालो. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला त्या ऐकवेनात, कारण गर्दीत काका होते, हात गळ्यात बांधलेला.

"आता पडणार नाही ना?" काकूंनी विचारलं.

"दरवर्षी बघायला येईन. पण नळ साफ ठेवले नाहीत, तर मी भरवसा देणार नाही."

काका वर बघत म्हणाले, "त्याला काय बोलायचं? पाणी ठिबकताना मला दिसत होतं. मी खाली बादली लावायचो. त्याच पाण्यात ट्यूब बुडवून पंक्चर शोधायचो."

ते रागावले असते तर मला सोपं गेलं असतं.

मित्रांनो, तुमच्या वाटेवर असा कुणी म्हातारा पूल असेल, तर लांबूनच एकदा त्याच्या पोटाकडे बघा. गळतंय, तडकलंय असं दिसलं, तर मोठ्यांना सांगा. आम्हाला सांगता येत नाही. आम्ही सांगतो, तेव्हा कुणाला तरी लागलेलं असतं.