भागोजीच्या पानाखाली

नम्रताने आपल्या वेबसाइटला सासूचं नाव दिलं होतं: ‘कमळाचे सोडे’. सोडे म्हणजे सोलून उन्हात वाळवलेली कोलंबी, हे रत्नागिरीत कुणाला सांगावं लागत नाही. पुण्या-नागपूरच्या गिऱ्हाइकांना मात्र सांगावं लागतं. म्हणून कोलंबी कुठली घ्यायची, ऊन किती द्यायचं, वाळलेला सोडा हाताला कसा लागला पाहिजे, हे सगळं तिने सवडीने लिहून काढलं होतं. लिहिलेलं चांगलं होतं, पण वाचायला कुणी फिरकत नव्हतं.

मग कुणीतरी नितेशचं नाव सुचवलं. मारुती मंदिराजवळ त्याचं छोटंसं ऑफिस होतं आणि लोकांच्या वेबसाइट वर आणून देणं हा त्याचा धंदा. बोलायला गोड माणूस. त्याने तिला बसवून, चहा पाजून समजावलं, “ताई, दुसऱ्या वेबसाइटवर तुमच्या वेबसाइटची लिंक असली की गूगल काय समजतं? चार माणसं तुमची शिफारस करतायत. जितक्या चांगल्या ठिकाणची शिफारस, तितक्या तुम्ही वर. आम्ही त्याला क्वालिटी लिंक म्हणतो.”

नम्रताला ते पटलं. मासळीबाजारात तरी दुसरं काय चालतं? नवीन गिऱ्हाईक आधी शेजारणीला विचारतं, मग टोपलीपाशी येतं. तिने होकार दिला.

आणि खरंच, दिवाळी सरता सरता वेबसाइट गूगलच्या पहिल्या पानावर आली. ऑर्डरी येऊ लागल्या. नवरा निहार बोटीवरून आला की सोड्यांची पार्सलं बांधायला बसू लागला. सासूबाई कमळा शेजारणींना सांगायच्या, “माझं नाव आता मुंबईपर्यंत गेलाय गो.”

अशात एका दुपारी नम्रताला फोन आला. पलीकडे बाईमाणूस होतं, आवाज थकलेला.

“कमळाचे सोडे विकणारी नम्रता तूच काय?”

“होय, बोला ना. किती पाठवू?”

“सोडे नको मला. माझ्या नवऱ्याच्या पानावर तू लिहिलंयस ते काढून टाक.”

नम्रताला काही उमगेना. बाईने आपलं नाव विमला सांगितलं. गुहागरच्या अलीकडचं गाव. तिचा नवरा भागोजी वादळात बोटीसकट गेला होता, सापडलाच नाही. गावातल्या पोरांनी गावाची वेबसाइट केली तेव्हा समुद्रात गेलेल्या प्रत्येक माणसाचं एक पान केलं. फोटो, थोडी माहिती, आणि खाली ओळखीच्यांनी आठवणी लिहायची जागा.

फोन ठेवल्यावर नम्रताने ते पान उघडलं. डोक्याला मफलर गुंडाळलेला, हसरा, सावळा माणूस. खाली कुणी लिहिलं होतं, भागोजीदादाने मला पोहायला शिकवलं. कुणी लिहिलं होतं, देवळाच्या उत्सवात यांच्यासारखा ढोल कुणी वाजवत नसे. आणि सगळ्यांत शेवटी:

“खूप छान माहिती. असंच लिहीत राहा. घरगुती सोडे मिळण्याचं खात्रीचं ठिकाण, इथे क्लिक करा. — नम्रता”

तिचे कान तापले. तिने बाजूच्या माणसाचं पान उघडलं. तिथेही तेच. त्याच्या पुढच्या माणसाच्या फोटोखालीही तेच. बुडालेल्या माणसांच्या फोटोंखाली तिचं नाव ‘खूप छान माहिती’ म्हणत उभं होतं. तिचा स्वतःचा नवरा त्या घडीला समुद्रात होता.

ती तशीच उठली आणि नितेशच्या ऑफिसात गेली. त्याने मोबाइलवर ते पान पाहिलं आणि मान डोलावली.

“हे आमचं सॉफ्टवेअर टाकतं, ताई. माणूस नाही लिहीत.”

“सॉफ्टवेअरला माझं नाव कुणी दिलं?”

“नाव असलं की खरं वाटतं.”

“म्हणजे खोटं आहे हे तुम्हाला ठाऊक होतं.”

नितेश थोडा चपापला. मग समजुतीच्या सुरात म्हणाला, “तुम्ही भावनेने बघताय. वेबसाइट मच्छीमारांच्या गावाची, तुमचा माल मासळीचा. विषय जुळतो. गावाची साइट जुनी आहे, स्वच्छ आहे. खरं सांगू? ही तुमची सगळ्यात क्वालिटी लिंक आहे.”



“तुम्ही मला सांगितलं होतं, लिंक म्हणजे शिफारस,” ती म्हणाली. “ही शिफारस कुणी केली? भागोजीने? त्याच्या बायकोने? मेलेल्या माणसाच्या दारात लोक बसलेत आणि मी मधे जाऊन टोपली उतरवली, असं केलंत तुम्ही माझं. आमच्यात असं कुणी केलं असतं तर तिला परत कुणी दारात उभी केली नसती.”

“एवढी एक काढायला सांगतो मी त्या साइटवाल्यांना.”

“एक नाही. माझ्या नावाने जिथे जिथे घाण टाकलीत ती सगळी.”

“पहिल्या पानावरून खाली जाल, ताई. सरळ तळाला.”

“जाऊ दे.”

नितेशने हात वर केले. दुसऱ्यांच्या साइटवरचं त्याला पुसता येत नव्हतं, टाकता तेवढं येत होतं. शेवटी कुठे कुठे काय टाकलं ते तिने त्याच्याकडून काढून घेतलं आणि घरी येऊन एकेकाला लिहायला बसली. माझ्या नावाने हे आलं आहे, मी लिहिलेलं नाही, कृपा करून काढा. कुत्र्यांच्या औषधांची साइट होती, लग्नं जमवणारी होती, कुणाच्या तरी शाळेच्या स्नेहसंमेलनाची होती. प्रत्येक ठिकाणी नम्रता ‘खूप छान माहिती’ म्हणून आली होती. लिहिता लिहिता तिचा संताप उतरायचा सोडून चढतच गेला. काहींनी उत्तर दिलं, बऱ्याच जणांनी दिलं नाही. गुहागरकडच्या पोरांनी मात्र सगळ्या पानांवरची तिची ओळ तासाभरात काढली.

“काढली ना, मग झालं,” निहार घरी आल्यावर म्हणाला.

“काय झालं? विमलाला कोण सांगणार?”

“फोन कर.”

“फोनवर नाय सांगायचं हे,” कमळा आतून म्हणाल्या. “मी येते तुझ्याबरोबर.”

दोघी जयगडहून फेरीबोटीने तवसाळला उतरल्या आणि रिक्षाने विमलाच्या गावी गेल्या. सोडे बरोबर न्यायचे नाहीत, हे कमळांनीच बजावलं होतं. विमला पडवीत सुपाऱ्या सोलत बसली होती. पन्नाशीची असेल. नम्रताने नाव सांगताच तिचे हात थांबले, पण तिने बसायला चटई टाकली.

नम्रताने सगळं सांगितलं. सॉफ्टवेअर, नितेश, शिफारशी. सांगताना तिचं तिलाच ते पोकळ वाटत होतं.

विमलाने ऐकून घेतलं. मग म्हणाली, “ते मशिनाने लिहिलं का माणसाने, मला काय कळणार बाय? मी रोज संध्याकाळी मोबाइलवर ह्यांचं पान उघडते. पहिल्यांदा खूप जणांनी लिहिलं. मग कमी झालं. मग कुणीच नाय. त्या दिवशी खाली नवीन नाव दिसलं. म्हटलं, कुणाला तरी आठवण झाली ह्यांची. कोण असेल? कुठल्या बंदरावर भेटली असेल? चष्मा आणायला आत गेले मी. धावत गेले.”

नम्रताला मान वर करवेना. कमळा जराशा पुढे सरकल्या.

“ढोल वाजवायचे म्हणे,” त्या म्हणाल्या.

“कुणी सांगितलं?”

“हिने वाचून दाखवलं. सगळं वाचायला लावलं मी तिला.”

विमला हळूहळू बोलू लागली. ढोलाचं, बोटीचं, लग्नाआधी भागोजी भांडून मुंबईला पळाला होता त्याचं. कमळा मधे मधे विचारत राहिल्या. निघताना विमलाने पोह्याचे लाडू खायला घातले. माफ केलं असं काही ती म्हणाली नाही. नम्रतानेही ते मागितलं नाही.

वेबसाइट नितेश म्हणाला होता तशीच तळाला गेली. ऑर्डरी आटल्या. नम्रताने बाजारात, बचत गटात, जिथे विषय निघेल तिथे नितेशचा कारभार मोकळेपणाने सांगितला. दोघीतिघींनी त्याला काम देणं बंद केलं. एक जण म्हणाली, “ऑर्डर येतेय ना? मग आपल्याला काय करायचंय?” तिच्याशी नम्रताचं चांगलंच वाजलं. नितेशचं ऑफिस अजून तिथेच आहे, आणि बाहेर नवीन पाटी लागली आहे. तिथून जाताना तिला अजून तेवढाच राग येतो.

मार्चमध्ये देवरूखहून हेतल नावाच्या एका प्राध्यापिकेचा फोन आला. कोकणातल्या साठवणीच्या पदार्थांवर ती कॉलेजच्या वेबसाइटवर लिहीत होती आणि नम्रताचा सोड्यांवरचा लेख तिला उपयोगी पडला होता. त्याची लिंक दिली तर चालेल का, एवढंच तिला विचारायचं होतं.

“कुठल्या पानावर?” नम्रताने विचारलं. “वर काय आहे, खाली काय आहे?”

हेतलला नवल वाटलं, पण तिने पान पाठवलं. नम्रताने ते पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचलं. एका ठिकाणी सोडे आणि न सोलता वाळवलेली बारीक सुकट यांची गल्लत झाली होती, ती कळवली. मग हो म्हणाली आणि वाळत घातलेली कोलंबी उलटायला गच्चीवर गेली.