शून्यावरचा काटा

मुरबाडच्या ग्लायडर क्लबात धर्मा बिनइंजिनाचं ग्लायडर हवेत चढवणारा दोर ओढायचं यंत्र चालवायचा. उडण्याआधी कर्णिकसाहेब उंची दाखवणारा काटा मैदानावर शून्यावर आणत.

"सायेब, सिद्धगडाखालची शेतं आपल्यापेक्षा उंच हायेत. ओढ्याचं पानी तिकडून इकडं येतं. तिकडं उतरलात तर हा काटा फसवंल."

"तू दोर ओढ!"

साहेब कसले ऐकतात! त्याच आठवड्यात वारा पडला आणि त्यांना तिकडेच उतरावं लागलं. काटा तीनशे फूट दाखवत असतानाच चाक बांधावर आदळलं. ग्लायडर मोडलं, साहेबांचा हातही.

महिन्याभरात नवा नियम झाला : काटा समुद्रसपाटीपासूनच्या उंचीवर लावा आणि उतरायच्या जागेची उंची त्यातून वजा करा. नियमाचा फळा रंगवायला धर्माच.

"वर नाव काय टाकू?"

गळ्यात अडकवलेला हात सावरत साहेब म्हणाले, "कर्णिक पद्धत."