चित्राची डावी दाढ

मी चित्राची डावीकडची खालची दाढ बोलतेय. पांढरीशुभ्र मी कधीच नव्हते, पण कामाला वाघ! कराडजवळच्या तिच्या माहेरी मी ऊस चावला, हुरडा खाल्ला, शिळी कडक भाकरीसुद्धा मोडली. हिरडी माझी आईच. तिच्या कुशीत मी उगवले.

लहानपणीच चित्राला मिश्रीची सवय लागली. भाजलेल्या तंबाखूची ती काळी पूड काकूंबरोबर बसून दातांना घासायची. लग्नानंतर नवऱ्याला, जयंतरावांना, इकडे उत्तरेत विद्यापीठात नोकरी लागली, संसार मोहालीत थाटला, तरी सवय सुटली नाही. भाऊ माहेराहून मिश्री पाठवायचा आणि चित्रा ती पावडरच्या डब्यात लपवायची.

लपवायचं कारण शेजारीण. डॉ. हरलीन कौर, दातांची डॉक्टर. शीख घर, तिथं तंबाखूला थारा नाही. दोघींचं मेतकूट तर असं, की इकडची पुरणपोळी तिकडे आणि तिकडचं सरसोंचं साग इकडे. हिनं आपलं तोंड पाहिलं तर पुन्हा आपल्या घरचं पाणीही पिणार नाही, अशी चित्राला धास्ती.

मग हिरडी सुजली. ब्रश लागला की रक्त यायचं. "उष्णता झालीय," म्हणत चित्रा गुलकंद खायची, सब्जा प्यायची आणि हिरडी घट्ट व्हावी म्हणून वर आणखी मिश्री लावायची. शहाणीच की नाही! मी हलायला लागले. आईचा हात सुटतोय असं वाटून मला फार भरून यायचं.

"मम्मा, आंटी को दिखा लो ना!" लेक ज्ञानदा सांगून थकली.

"बघू गं."

२००३च्या हिवाळ्यात रक्त थांबेचना. डोळे पिवळे झाले, पाय सुजले. जुन्या काविळीनं यकृत पोखरलं होतं. इस्पितळातले डॉक्टर विनायक आपल्याकडचेच निघाले. ते म्हणाले, "वहिनी, यकृत थकलं की रक्त लवकर गोठत नाही. त्यात या हिरडीतले जंतू रक्तात उतरतात आणि त्यांचा निपटारा पुन्हा त्याच थकलेल्या यकृतानं करायचा. आधी तोंडाचं बघा, नाहीतर माझी औषधं कुठवर पुरणार?"

तपासण्या झाल्या, रक्त गोठण्याची औषधं झाली. विनायकांचा होकार घेऊन चित्रा एकदाची हरलीनच्या खुर्चीत बसली. ओठ घट्ट मिटलेले.

"हरलीन, मैं तंबाकू लगाती हूँ. बचपन से."

चित्राच्या डोळ्यांतून पाणी आलं.

"पागल हो दीदी? इसलिए नहीं आती थीं?" हरलीननं हातमोजे चढवले. "मुँह खोलो. और वो डिब्बा आज ही फेंकना, पक्का?"

"पक्का."

मला निघावंच लागलं. चिमटा लागला तेव्हा मी अडून बसले नाही. माझ्या जागी रक्त आलं, खूप वेळ आलं. हरलीन पुढचे पेशंट थांबवून कापसाचा बोळा दाबत तिच्याशेजारी बसली. रक्त थांबल्यावरच उठली.

आता मी स्टीलच्या ट्रेमध्ये पडलेय. थोड्या वेळानं कचऱ्यात जाईन. त्याचं दुःख नाही. यकृत सावरेल का, हे विनायकांनाही आज सांगता येत नाही. म्हणून बाकीच्या दातांनो, जाता जाता हात जोडते. चित्रा अजून पन्नाशीचीही नाही. माझ्या वाटणीचं तुम्ही चावा, आणि हिरडीतून जरा जरी रक्त दिसलं तरी एवढे ठणका, की तिला गप्प बसताच येऊ नये.