दुसऱ्या पिळाला तुटणारी तार

बसा हो, पाय वर घेऊन बसा. तारेची गोष्ट सांगतो. बांधकामाची काळी तार, तीच. हसू नका, आधी ऐका.

आमच्या बाजारात मुझफ्फरभायचं लोखंडी सामानाचं दुकान, मी तिथेच कामाला. पन्नास वर्षं त्यांनी सळी, खिळे आणि तार विकली. चौथीनंतर शाळा बघितली नाही, पण तार हातात घेतली की कुठल्या भट्टीत कच्ची राहिली ते सांगणार. पुतण्या अतहर मात्र पुण्याहून धंद्याचं शिक्षण घेऊन आला होता. इस्त्रीचा शर्ट, बूट, आणि सख्ख्या चाच्याशी ऑफिसातलं मराठी.

मुझफ्फरभाय दहा दिवस लेकीकडे, सनोबरच्या बाळाला बघायला गेले. परत येऊन बघतात तर खाडीकडच्या शेडमध्ये ट्रकभर तार. वर ताडपत्रीसुद्धा नाही, समोरून खारा वारा.

"ह्या काय हाडलंस?"

"चाचा, मार्केट आउटलुक बघा." अतहरने चाळीस रंगीत पानांचं बाड पुढे केलं. "पूल, रस्ते, घरं. पाच वर्षं मागणी चढतीच राहणार. शिवाय घाटावरच्या कारखान्याने स्वस्तात दिली."

"पाच वर्षां मगे बघूया. आधी तार दाखय."

बंडल कापलं. तार टणकन उसळली आणि अतहरच्या शर्टावर काळी रेघ ओढून गेली. मुझफ्फरभायनी कपाळाला हात लावला. चांगली तार मोकळी केली की दोरीसारखी गप पडून राहते. जाड सळी साच्यातून ओढून बारीक केली की ती ताठरते, मग भट्टीत सावकाश तापवून मऊ करावी लागते. ह्या कारखानदाराने भट्टीला नुसता नमस्कार घातला होता.

"तुझ्या चाळीस पानांत भट्टी खंय आसा?"

"ते प्रॉडक्शनवाले बघतात. आपण मार्केट बघायचं."

"आणि ह्यो गंज कोण बघतलो? खाडी?"

अतहरने पानं चाळली. गंज कुठल्याच पानावर नव्हता.

"कोणाक दिलंस नाय मां ही?"

"बारा बंडलं नाना मिस्त्रींच्या साइटवर गेली. ते तपासतही नाहीत, चाचा. तुमचं नाव सांगितलं की घेतात. ह्याला ब्रँड म्हणतात."

मुझफ्फरभायनी हातातली तार खाली टाकली. रिक्षा बोलावली, पुतण्याला आत ढकललं. पन्नास वर्षांत त्यांनी कमावलं होतं ते एवढंच, की त्यांची तार कोणी तपासत नाही.

मसुऱ्याच्या रस्त्याला एका घराचा स्लॅब होता, दुसऱ्या दिवशी काँक्रीट. नाना मिस्त्री आणि त्याची बायको हिरा सळ्यांवर उकिडवी बसून जोड बांधत होती. हिराने लोखंडी आकडा घालून तार पिळली. एक पीळ, दुसरा पीळ, टक. तुटली. तिने तुकडा फेकला, दोन तारा एकत्र घेतल्या आणि परत पिळल्या. सगळा स्लॅब असाच दुहेरी बांधलेला.

"नानानु, दुहेरी कित्याक बांधतास?"

नाना मान वर करीना. "काय नाय ओ. म्हटलां, घट बांधूया."

"तार खोटी आसा तां कळान पण माका सांगलास नाय?"

उत्तर हिराने दिलं. "सांगतले कशे? तार खोटी म्हणूचा, म्हणजे तुमच्या तोंडार तुमका खोटो म्हणूचा. त्यापेक्षा दुप्पट वाकलेलो बरो, म्हणतत हे."

मुझफ्फरभायना कानाखाली बसल्यासारखं झालं. आणि अतहर, तो शहाणा, मागून हळूच म्हणतो कसा, "म्हणजे ग्राहकाची तक्रार नाही."

चाच्याने हिराच्या हातातला आकडा घेऊन त्याच्या हातात दिला. "बस."

दुकानातल्या जुन्या मालाची तार आणवली. दिवेलागणीपर्यंत चाचा-पुतण्यांनी सगळे जोड तोडले आणि परत बांधले. अतहरची प्रत्येक गाठ सुटायची.

"पुण्याक गाठ मारूक शिकवणत नाय काय रे?" हिरा विचारायची.

कारखानदार फोन उचलत नाही. ट्रकभर तार शेडमध्ये लाल होत पडली आहे. अतहर आता भंगाराचं मार्केट आउटलुक काढतोय. पानं मोजलीत मी, साठ झाली.

तेव्हा जाताना शेडमधली दोन बंडलं उचला हो. फुकट. दुधीच्या मांडवाला, कोंबड्यांच्या खुराड्याला चालतील. फक्त स्लॅबला लावू नका, आणि कुठून आणली विचारलं तर मुझफ्फरभायचं नाव घेऊ नका.