पन्हळीतला खिळा

मित्रांनो, भोपळे फेकणारी एक जुनी गोफण तुमच्याशी बोलते आहे. शेतातली पाखरं हाकायला असते तसली हातातली गोफण नव्हे हं! मी दुमजली घराएवढी उंच आहे आणि मला मैदानावर न्यायला ट्रॅक्टर लागतो. अमेरिकेतल्या डेलावेअर राज्याच्या सपाट रानात, सोयाबीनच्या शेताच्या कडेला माझा जन्म झाला.

पिकं निघाली, रानं मोकळी झाली, की नोव्हेंबरच्या सुरुवातीला आमच्याकडे भोपळेफेकीची जत्रा भरते. ऑयस्टरची, म्हणजे कालवांची, गरम भजी तळली जातात, सफरचंदाचा रस वाफाळत असतो आणि बायाबापड्या भोपळ्याचं गोड सारण भरलेल्या 'पंपकिन पाय'च्या स्पर्धेत आपापली ताटं मांडतात. ज्याचा भोपळा सगळ्यात लांब पडेल तो जिंकतो. मात्र भोपळा अख्खाच्या अख्खा जमिनीवर पोचायला हवा. हवेतच फुटला तर फेक बाद, आणि सगळं मैदान एका आवाजात ओरडतं, "झालं भरीत!"

मला ट्रुइट घराण्यातल्या दोन भावांनी बांधलं. थोरला लायमन वेल्डिंगची कामं करायचा. माझ्या अंगातलं लोखंड त्याचं: वजनाची पेटी, मधला आस आणि दांड्याच्या टोकाचा आकडा, ज्यातून भोपळा ओढणारी दोरी नेमक्या क्षणी सुटते. धाकट्या क्लेटनची शेती. ओकच्या लाकडाचा लांब दांडा, चारही खांब आणि माझ्या पोटाखालची लाकडी पन्हळ त्याने घडवली. भोपळा आधी या पन्हळीतून सुसाट घसरत येतो आणि मग आभाळात जातो. भोपळेही क्लेटनच पिकवायचा, पांढरे, जाड सालीचे. दोघांनी माझं नाव विनी आत्या ठेवलं. त्यांची खरी विनी आत्या चिडली की हाताला येईल ते भिरकावत असे म्हणे!

काय दिवस होते ते! बारा वर्षं मी त्या मैदानावर भोपळे फेकले. दोनदा दुसरी आले. पोरं माझ्या खांबांना लोंबकळायची, म्हातारे माझ्या दांड्यावर थाप मारून "शाब्बास आत्या!" म्हणायचे. संध्याकाळी दोघं भाऊ माझ्याच सावलीत बसून एका ताटात जेवायचे. मला तर वाटायचं, आपल्यासारखं भाग्य कुणाचं नाही.

मग तेरावं वर्ष आलं. आमच्याकडे उन्हाळ्यातही पाऊस पडतो, पण त्या वर्षी त्याने दडी मारली आणि माझं लाकूड वाळून आकसलं. पन्हळीच्या मधल्या फळीतला एक खिळा आपसूक वर आला, जेमतेम तांदळाच्या दाण्याएवढा. मला तो जाणवत होता, पण सांगणार कसं? जत्रेचे पहिले दोन दिवस वाऱ्यापावसात वाया गेले. तिसऱ्या दिवशी एकच फेक मिळाली, तीच पहिली आणि तीच शेवटची. वजनाची पेटी खाली आली, भोपळा पन्हळीतून निघाला आणि त्या खिळ्याने त्याचं पोट उभं चिरलं. मला कळलं, पण तोवर तो आभाळात पोचला होता. मैदानाच्या वर त्याच्या चिंधड्या झाल्या.

"झालं भरीत!" लोक ओरडले.

लायमन तिथल्या तिथे भावावर उखडला. "कच्चा भोपळा आणलास! आठ दिवस आधी तोडलास ना? खोटं बोलू नकोस!"

"माझा भोपळा दगडासारखा होता," क्लेटन म्हणाला. "तूच आकडा नको तितका वाकवलास. मी सांगितलं होतं. पण तू कुणाचं ऐकशील तर शपथ!"

भोपळ्यावरून सुरू झालेलं भांडण बघता बघता वडिलांच्या आजारपणावर गेलं. कोण किती वेळा भेटायला आलं, शेवटी कोण जवळ होतं, सगळं निघालं. चारचौघांत बोलू नये ते दोघं बोलून बसले. दुसऱ्या दिवशी त्यांनी माझे भाग सुटे केले. लोखंड थोरल्याने नेलं, लाकूड धाकट्याने. आता मी नेमकी कुठे उरले, असं विचाराल तर मला वाटतं, पन्हळीतच. कारण तो खिळा मला तिथेच खुपत होता.

सात वर्षं मी क्लेटनच्या कोंबड्यांच्या जुन्या शेडमध्ये पडून राहिले. वाळवी लागली, कोंबड्यांनी माझ्यावर नको ते सगळं केलं. त्याचं मला एवढं वाटलं नाही. क्लेटन अजूनही दरवर्षी पांढरे भोपळे लावायचा. त्यातला सगळ्यात टणक भोपळा निवडून शेडच्या दारात ठेवायचा आणि तो तिथेच सडू द्यायचा. ते पाहून मात्र माझा जीव तुटायचा. अरे, मी आहे इथे, माझ्यात बघ, असं मी किती वेळा मनातल्या मनात ओरडले असेन!

यंदा जत्रेच्या आदल्या आठवड्यात लायमनची बायको नोरीन आली. पायच्या स्पर्धेची व्यवस्था तिच्याकडे असते.

"क्लेटन, ताटं मांडायला लांब फळ्या हव्यात. आहेत?"

"ती पन्हळ पडलीय बघ. ने. नाहीतरी कुजतेच आहे," तो माझ्याकडे न बघता म्हणाला.

नोरीनने ओलं फडकं घेतलं आणि मला पुसायला लागली. मधल्या फळीवर फडकं अडकलं आणि टर्रकन फाटलं. तिने वाकून बघितलं, बोट लावलं. मग सरळ दारातला भोपळा उचलला, पन्हळीत ठेवला आणि जोरात ढकलला. त्याच्या सालीवर वीतभर लांब चीर पडली. नोरीनने ती चीर लगेच ओळखली. त्या दिवशी मैदानावरचे तुकडे तिनेच तर गोळा केले होते आणि त्यातल्या एकावर अशीच सरळ चीर होती.

तिने फोन करून नवऱ्याला बोलावून घेतलं. लायमन आला, शेडच्या बाहेरच घुटमळला.

"आत ये मुकाट्याने!" नोरीन कडाडली. "हा बघा तुमचा कच्चा भोपळा, आणि हा बघा तुमचा वाकडा आकडा! एवढ्याशा खिळ्यापायी सात वर्षं थँक्सगिव्हिंगच्या सणाला माझ्या जेवणाच्या टेबलापाशी एक खुर्ची रिकामी राहिली. दोन्ही घोड्यांना लाज कशी वाटत नाही रे?"

लायमनने वाकून खिळ्यावरून बोट फिरवलं. मग लायमन हळूच म्हणाला, "ती फळी मी ठोकली होती. चूक माझी."

"गप रे," क्लेटन म्हणाला. "तुला जन्मात कधी खिळा सरळ ठोकता आलाय? हा बघ, कसा सरळ आहे. माझाच आहे हा."

"मी ठोकला म्हणतोय ना!"

"आणि मी म्हणतोय, माझा!"

नोरीनने कपाळावर हात मारला. पण त्या दोघांचे डोळे भरून आले होते आणि मित्रांनो, खरं सांगते, मला रडता आलं असतं तर मीही रडले असते. खिळा कुणाचाही असो, चूक कुणाचीच नव्हती. दोष दुष्काळाचा होता आणि माझ्या आकसलेल्या लाकडाचा.

आता माझी डागडुजी चालू आहे. कुजलेला खांब बदलला, आसाला तेल मिळालं. पुढच्या जत्रेत मी किती लांब फेकेन, कुणास ठाऊक. काम संपलं की लायमन पन्हळीच्या एका टोकाकडून उघडा तळहात फिरवत येतो आणि क्लेटन दुसऱ्या टोकाकडून. मध्येच कुठेतरी त्यांचे हात एकमेकांना लागतात. मग दोघंही उगाचच खाकरतात.

मित्रांनो, तुमच्या घरातही कधी काही फुटेल, बिघडेल. तेव्हा माणसावर तोंड टाकण्याआधी त्या वस्तूवरून एकदा मायेने हात फिरवा. आणि खिळा नाहीच सापडला, तरी बोलणं सोडू नका. लायमन आता सत्तरीला टेकलाय, क्लेटनला पायऱ्या चढताना धाप लागते. आठ पौंडांचा भोपळा मी दोन हजार फूट लांब फेकू शकते, पण त्यांची ती सात वर्षं मला परत आणून देता येत नाहीत.