चौथी दश्शी

"गो सेजल, हा कसला भिडू दिलास तू मला?"

सुर्ल्याच्या खाणीवर पंचवीस वर्षं ट्रक चालवलेला बाबली मोबाइलवर डाफरला. मेंढीकोटाचा तो पत्त्यांचा खेळ त्याच्या मुलीनेच, सेजलने, बनवला होता. चारपैकी तीन दश्श्या, म्हणजे दहाची पानं, हाती आल्या आणि चौथी ओढायची सोडून मोबाइलमधल्या भिडूने ती समोरच्यांना खुशाल जाऊ दिली. चारही दश्श्यांचा हातातोंडाशी आलेला कोट हुकला.

"पपा, मी त्याला फक्त जिंकायला शिकवलंय. तीन मिळाल्या की त्याच्या लेखी डाव संपला. कोटाच्या मागे लावला तर जिंकत आलेले डावही घालवील."

"घालवूदे! पण चौथी दश्शी सोडणारा भिडू मला नको. त्याला खेळणं म्हणतात?"

चहा आणि पावासारखी पोई घेऊन बाबलीची बायको प्रभावती बाहेर आली.

"असं? तीस वर्षं दर गणेश चवथीला मी तुमच्याविरुद्ध बसते. माझ्यावर एकदाही कोट कसा चढवला नाही तुम्ही?"

बाबलीने मोबाइलमध्ये मान घातली. "पानंच वाईट यायची."

"तीस वर्षं?" म्हणत प्रभावतीने त्याच्या बशीत आणखी एक पोई ठेवली.